पाहुण्यांना अ‍ॅलर्जी असते तेव्हाचा स्वयंपाक

आठ पानं वाढायची आहेत. एकाला गहू चालत नाही, एकाला दूध, एकाला शेंगदाणे आणि काजू. असा बेत असला की वाणसामानाची यादी करण्याआधी मी फोन करते. ‘दूध चालत नाही’ याचे दोन अर्थ होतात. लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर पचत नसेल तर चमचाभर साजूक तुपाने सहसा बिघडत नाही. पण अ‍ॅलर्जी असेल तर तूपही नको. कितीही नीट कढवलं तरी त्यात दुधातल्या प्रथिनांचा अंश राहतो, आणि तेवढा पुरतो. काजू न चालणाऱ्याला नारळ चालतो का, हे वेगळं विचारते. अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन, म्हणजे जोराचा झटका आला तर लगेच घ्यायचं औषध, सोबत असतं का, हेही.

पोळ्या केल्या नाहीत म्हणजे गहू टळला असं नाही. डबीतल्या हिंगात बहुतेकदा मैदा असतो. गोड्या मसाल्यात तोच हिंग पडतो, म्हणून त्या दिवशी मी दोन्ही बंद ठेवते आणि धणे-जिरे घरीच भाजून कुटते. ज्वारीची भाकरी चालेल असं वाटतं, पण गिरणीत आधीचं दळण गव्हाचं असतं. माझ्या मते अशा वेळी भातच खरा.

भाजीला दाटपणा काजूऐवजी लाल भोपळ्याने आणते. ५०० ग्रॅम सोललेला भोपळा, २ कांदे आणि इंचभर आलं वाटीभर पाण्यात मऊ शिजवून वाटते. ३ चमचे तेलात जिरं, ठेचलेल्या ६ लसूणपाकळ्या, हळद, तिखट आणि २ चमचे धणेपूड. मग ५०० ग्रॅम फ्लॉवर आणि २ बटाटे. मेथीदाणा घालत नाही, कारण शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना तोही बाधतो. भाजी शिजली की वाटण घालून उकळी आणते, आच मंद करते आणि सगळ्यात शेवटी ४०० मिली नारळाचं दूध. खळखळून उकळलं की ते फुटतं. नारळाच्या दुधाची पावडर घेत असाल तर घटक वाचा: बऱ्याच पावडरींत सोडियम केसिनेट असतं, म्हणजे गाईम्हशीच्या दुधातलंच प्रथिन. गोडाला नारळाच्याच दुधात साबुदाण्याची खीर.

सगळ्यात दगा देतो तो मिक्सर. ज्या भांड्यात दाण्याचं कूट होतं, त्याच्या झाकणाची रबरी रिंग काढून बघा. खाचेत तेलकट तपकिरी थर बसलेला असतो. पात्याच्या खालीही तसाच, आणि तिथवर घासणी पोचत नाही. हे वाटण मी वेगळ्या भांड्यातच करते. लाकडी उलथनं, तळणीचं उरलेलं तेल, पिठाची चाळणी यांना त्या दिवशी सुट्टी. बाकीची भांडी साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुते. नुसतं पुसून किंवा सॅनिटायझर लावून प्रथिनं जात नाहीत, आणि शिजवल्यानेही भरवशाने नष्ट होत नाहीत.

वाढताना प्रत्येक पातेल्याला आपला डाव. तरी पंगतीत डाव इकडचा तिकडे जातोच, म्हणून या तिघांची पानं मी सगळ्यांत आधी वाढून झाकून ठेवते. रिकामी पाकिटं मात्र सगळे जेवून उठेपर्यंत टाकत नाही, कुणाला घटक वाचून बघायचे असतील तर ती ओट्यावरच असतात.