सफरचंदावर आळ

देवाने मना केलेलं आणि तरी आदाम-हव्वा या पहिल्या जोडप्याने खाल्लेलं एदेन बागेतलं ते फळ कोणतं, असं कुणालाही विचारा. सफरचंद, असं उत्तर येतं. बायबलमधल्या 'उत्पत्ती'चा तिसरा अध्याय उघडून पाहावा तर चोवीस वचनांत सफरचंदाचं नाव नाही. मूळ हिब्रू शब्द 'पेरी', म्हणजे नुसतं फळ. (पेरूशी नातं जोडायचा मोह आवरावा.) चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

आळ घातला लॅटिनने, असं सहसा सांगतात. त्या भाषेत 'मलुम' म्हणजे वाईट आणि 'मालुम' म्हणजे सफरचंद. मधे फक्त एक काना. झाड बऱ्यावाइटाचं ज्ञान देणारं, त्यातलं वाईट असं फांदीला लटकलं. आपल्याकडे 'मालूम' म्हणजे ठाऊक, त्यामुळे मराठी कानाला हा श्लेष दुप्पट गोड. पण तेवढ्याने भागत नाही. जेरोम या ख्रिस्ती पंडिताने बायबलचं लॅटिन भाषांतर केलं तेव्हा या फळाला 'फ्रुक्तुस' हा साधा शब्दच वापरला होता. जास्त संशय फ्रेंचवर घ्यावा. तिथे 'पोम' म्हणजे आधी कुठलंही फळ, मग अर्थ आकसत नुसतं सफरचंद. मृग म्हणजे एकेकाळी कुठलाही पशू, म्हणून तर सिंह मृगेंद्र; आपल्यापर्यंत येईतो हरीणच उरलं, तसंच. चित्रकारांचंही एकमत नव्हतं. १४३२च्या गेंटच्या वेदीचित्रात व्हॅन आइकची हव्वा खडबडीत सालीचं लिंबाच्या जातीचं फळ धरून उभी आहे, मायकेलअँजेलोने सिस्टिन चॅपेलच्या छतावर अंजिराचं झाड काढलं, आणि क्रानाखच्या १५२६च्या चित्रात सफरचंदं लगडली आहेत.

ज्यू धर्मपंडितांनी हा वाद कधीच घालून ठेवला होता. तालमूद या त्यांच्या धर्मचर्चांच्या ग्रंथात तीन उमेदवार आहेत. द्राक्षं, कारण माणसाला दारूइतकं दुसरं काही रडवत नाही. गहू, कारण धान्याची चव कळेपर्यंत मूल आई-बाप म्हणत नाही. आणि अंजीर, कारण ज्याने बिघडलं त्यानेच सावरलं.

अंजीरच पटतं. अख्ख्या कथेत नावानिशी आलेलं झाड तेवढं एकच. नागवेपण कळल्यावर दोघं अंजिराची पानं जोडून कमरेला गुंडाळतात. ज्याने हे पान देठापाशी खुडलंय त्याला यातली गंमत कळेल. वरून पान खरखरीत, खाली पांढरा चीक. चीक कातडीला लागून वर ऊन पडलं की आग होते, कधी फोडही येतात. शिवाय खुडलेलं पान बघता बघता कोमेजतं. माणसाचं पहिलं शिवणकाम असं फसलेलं. म्हणून एकविसाव्या वचनात देव स्वतः कातड्याचे अंगरखे करून घालतो. शिक्षा सुनावून झाल्यावर, बागेबाहेर काढायच्या आधी. या वचनावर प्रवचनं कमी होतात, व्हायला हवीत.

फळापेक्षा बोलणं तपासावं. आज्ञा होती: सगळ्या झाडांचं खा, एकाचं सोडून. सर्प विचारतो, कुठल्याच झाडाचं खायचं नाही म्हणे? बाई त्याला दुरुस्त करते, पण जाता जाता 'हातही लावायचा नाही' अशी भर स्वतःच घालते. ही भर मूळ आज्ञेत नाही. आणि आज्ञा दिली तेव्हा ती निर्माणही झालेली नव्हती. म्हणजे आदामाने सांगताना वाढवून सांगितलं की तिने ऐकून वाढवलं, यावर टीकाकार शतकानुशतकं भांडत आलेत. पुढे खापर फोडणं आहेच: आदाम बाईवर, आणि 'तूच दिलेली' म्हणून वर देवावरही, बाई सर्पावर.

यातून आदिपापाचा, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असल्याचा, सिद्धांत उभा राहिला तो मुख्यतः ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडितामुळे (३५४–४३०). बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ५:१२ मध्ये ग्रीक शब्दांचा सरळ अर्थ 'कारण सर्वांनी पाप केले' असा लागतो. ऑगस्टिनपुढच्या लॅटिनात तो 'ज्याच्यात सर्वांनी पाप केले' असा वाचता येत होता. 'ज्याच्यात' म्हणजे आदामात. मग तान्ह्या बाळालाही बाप्तिस्मा का, याचं उत्तर तयार. १५४६ मध्ये ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने ठरवलं की हे पाप अनुकरणाने येत नाही, वंशाने येतं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स मंडळी मानतात की वारशाने मरण आलं, अपराध नव्हे. दुसऱ्या शतकातल्या इरेनेयस या बिशपला तर आदाम-हव्वा अजून कोवळी, वाढीला लागलेली लेकरं वाटत.

आणि 'पाप' हा शब्द? तिसऱ्या अध्यायात तोही नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, आदामाचा मुलगा काईन याच्या दाराशी दबा धरून बसलेला. त्याआधी काईन देवाला अर्पण घेऊन आलेला असतो, शेतातल्या पिकाचं. हिब्रूत तिथेही शब्द 'पेरी'च आहे, आणि त्यानं नेमकं काय आणलं होतं हे तिथेही लिहिलेलं नाही.