आतून लागणारी कडी

दिवाळीनंतर, कापसाची दुसरी वेचणी चालू होती तेव्हा, माझी मुलगी तीन दिवस शाळेत गेली नाही. आठवीत आहे ती. पहिल्या दिवशी पोट दुखतं म्हणाली, दुसऱ्या दिवशी डोकं. तिसऱ्या दिवशी मी वावरातून दुपारीच परतले, तर ही अंगणात बसून गणितं सोडवत होती. "काऊन वं, शाळेत नाई गेली?" मी विचारलं. वहीतून मान वर न काढता ती म्हणाली, "आई, तिथं बदलू कुठं?"

मी त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. दोन वर्षांपासून मी ज्या कागदांवर सही करते, त्यात ‘मुलींसाठी स्वतंत्र शौचालय’ या ओळीपुढं ‘आहे’ असं लिहिलेलं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

शौचालय आहे, हे खरंच आहे. शाळेच्या मागं, निळ्या दारावर ‘मुली’ असं रंगवलेलं. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली ऑफिसच्या कपाटात, कारण "पोरी घाण करतात". किल्ली मागायची तर सरांपुढं उभं राहायचं, आणि त्या चार दिवसांत तेरा वर्षांची पोर ते करत नाही. कुलूप उघडलं तरी आतली कडी तुटलेली. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. टाकीचा पाइप तर उन्हाळ्यातच फुटला होता. मग मुली जातात शाळेमागच्या तुरीत. तूर डोक्याएवढी असते तोवर आडोसा आहे. जानेवारीत ती सोंगली की तोही नाही. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांना आमच्या मुली गेल्या तेव्हा मैदानाच्या कडेला चौघींनी ओढण्या ताणून धरल्या आणि आत एकेकीनं ड्रेस बदलला, हेही मला तेव्हाच कळलं. माझी मुलगी त्या चौघींत होती. तिनं घरी सांगितलं नव्हतं.

मी मोबाइलवर कायदा शोधून वाचला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या शेवटी परिशिष्ट आहे, त्यात शाळेची इमारत कशी असावी ते दिलंय: पिण्याचं पाणी, स्वयंपाकाची शेड, खेळाचं मैदान, कुंपण, आणि मुलांना व मुलींना वेगवेगळी शौचालयं. जुन्या शाळांना हे सगळं करायला तीन वर्षांची मुदत होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०१२ मध्ये सगळ्या राज्यांना सहा महिन्यांत शौचालयं द्या म्हणून बजावलं. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी एका वर्षाचा शब्द दिला. तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती. कडीबद्दल त्या परिशिष्टात काही नाही, किल्ली कोणाकडं राहावी तेही नाही. कपडे बदलायच्या जागेचा तर उल्लेखच नाही.

बैठकीआधी मी मुलींच्या आयांना भेटत फिरत होते. खिचडी शिजवणाऱ्या काकूंनी मला चुलीजवळ बोलावलं. "पोरींचं बोलता ते बरंच हाय ताई, पण त्या सातवीच्या पोट्ट्याकडं पाहा. दिवसभर पाणी पीत नाई."

तो मुलगा मी पाहिलेला आहे. बोलणं मऊ, बसणं-उठणं मुलींमध्ये, रांगोळी सुंदर काढतो. मुलांच्या मुतारीला दार नाही, नुसती कमरेएवढी भिंत. तिथं एकदा मोठ्या मुलांनी त्याची पँट ओढली, ‘पाहू दे काय आहे’ म्हणून. तेव्हापासून तो शाळेत लघवीला जातच नाही. तो पुढं काय होईल, त्याला कोणत्या नावानं हाक मारायची, हे ठरवणारी मी कोण? पण दहा ते पाच लघवी दाबून बसलेलं लेकरू मला दिसत होतं.

नागपूरला शिकणारा माझा भाचा म्हणाला, अमेरिकेत कोणी कोणत्या शौचालयात जायचं यावरून राज्याराज्यांत कायदे होतात. नॉर्थ कॅरोलायना राज्यानं २०१६ मध्ये ठरवलं, की शाळेत आणि सरकारी इमारतीत जन्मदाखल्यावर जे लिंग लिहिलंय त्याच शौचालयात जायचं, आणि २०१७ मध्ये ते कलम मागं घेतलं. आपल्याकडं एप्रिल २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तृतीयपंथी व्यक्तींसाठी वेगळ्या सार्वजनिक शौचालयांची सोय करायला सांगितलं, आणि २०१९ च्या कायद्यात शाळांनी अशा विद्यार्थ्यांशी भेदभाव करू नये असं स्पष्ट लिहिलंय.

बैठकीला मी वेचणी बुडवून गेले. एक पालक म्हणाले, "मुलांचं मुलांत, मुलींचं मुलींत. कायदा हेच तं सांगते." मी म्हटलं, भाऊ, मुलींच्या दारावरचा ‘मुली’ हा शब्द मी पुसू देणार नाही. त्या दारासाठीच मी आले आहे. पण त्या पोराला पाणी पाजायचं असेल तर तो जाईल कुठं, ते सांगा. कोणी बोललं नाही.

शौचालयाची तिसरी खोली मला त्याच वेळी आठवली. दिव्यांग मुलांसाठी बांधलेली, उताराची वाट, रुंद दार, आत धरायला लोखंडी दांडा. तिच्यात मोडके बेंच आणि जुन्या पुस्तकांची पोती भरून ठेवली होती. ती रिकामी करून ज्याला गरज असेल त्याच्यासाठी उघडू, असं मी म्हटलं. दिव्यांग मूल या वर्षी शाळेत नाही, पण पुढच्या वर्षी आलं तर पहिला हक्क त्याचा, हेही मी लिहून घ्यायला लावलं. सर म्हणाले, तपासणीला कोणी विचारलं तर? मी म्हटलं, बेंच कोंबलेत ते विचारलं तर?

पैशाचा प्रश्न निघालाच. आमच्या शाळेत ११२ मुलं. शंभराच्या वर, अडीचशेपर्यंतच्या पटाला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून वर्षाला ५०,००० रुपये अनुदान ठरलेलं आहे, आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. हे मी आदल्या रात्री पाठ करून गेले होते. एक पाइप, दोन कड्या, भिंतीत कपडे टांगायला चार खुंट्या, झाकणाची एक बादली. पाच हजारांच्या आतच बसलं.

दुसऱ्या दिवशी काकूंच्या नवऱ्यानं आणि माझ्या दिरानं बेंच बाहेर काढले. आता किल्ल्या कपाटात नसतात. शाळा भरली की दोन्ही कुलुपं निघतात, सुटली की लागतात. तिसऱ्या खोलीत ज्याला गरज असेल त्यानं जायचं, कोणाला विचारायचं नाही. मुली कबड्डीचा ड्रेस तिथंच बदलतात. माझी मुलगी परवा त्या दिवसांतही शाळेत गेली, जाताना पॅड दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवून.

काकू सांगतात, तो पोरगा आता खिचडीनंतर तांब्याभर पाणी पितो. त्याची पँट ओढणाऱ्या मुलांशी मात्र अजून कोणी धड बोललेलं नाही. ते सरांनी करायचं ठरलंय, आणि मी विचारत राहणार आहे.

विहीर एप्रिलला तळाशी जाते. येत्या शनिवारच्या बैठकीसाठी मी दोन विषय लिहून दिलेत: मुलांच्या मुतारीला पूर्ण भिंत आणि दार, आणि टँकरचं पाणी साठवायला दुसरी टाकी.