बेसला गोल, उबदार आवाज हवा असेल तर: फ्लॅटवाउंड तारांची निवड आणि बसवणी

जरीकाठातून सुटलेला एखादा धागा भिंगाखाली धरून बघा. आत रेशीम किंवा सूत असतं आणि त्यावर चपटी, चकचकीत पट्टी शेजारी-शेजारी लपेटलेली असते. सोलापुरात हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बेस गिटारची फ्लॅटवाउंड तार अशाच बांधणीची असते, फक्त आत रेशमाऐवजी पोलादी तार. राउंडवाउंडमध्ये पट्टीच्या जागी गोल तार लपेटतात, त्यामुळे दर दोन वेढ्यांमध्ये एक बारीक खाच राहते. हात सरकवताना जो ‘चुर्र’ आवाज येतो तो त्या खाचांचा. घाम आणि मळ साठतो तोही तिथेच.

फ्लॅटवाउंडचे वेढे एकमेकांना चिकटून बसलेले असतात. तार थोडी ताठ असते, कंपन होताना आतलं घर्षण जास्त असतं, म्हणून वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे उंच उपस्वर, लवकर विरतात आणि मूळ स्वर भरीव ऐकू येतो. आपण ज्याला ‘उबदार’ म्हणतो ते मुख्यतः हेच. १९५१ साली फेंडरचा प्रिसिजन बेस बाजारात आला तेव्हा त्यावर फ्लॅटवाउंडच असायच्या. खणखणीत राउंडवाउंडचं राज्य साठच्या दशकात सुरू झालं. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन मात्र जाड फ्लॅट तारांवरच राहिला, आणि तुटल्याशिवाय तार बदलायची नाही ही त्याची ख्याती.

नवा सेट मागवण्याआधी दोन फुकटचे उपाय करून बघा. बेसवरचा टोन नॉब अर्ध्याच्या खाली आणा. मग भांडी घासायच्या नव्या स्पंजची साधारण एक सेंटीमीटर जाडीची पट्टी कापून ब्रिजजवळ (बॉडीवर तारा अडकवायच्या पट्टीजवळ) तारांच्या खाली सरकवा, तारांना जेमतेम टेकेल इतकीच. जुन्या फेंडर बेसमध्ये ब्रिजच्या झाकणाखाली फोम असायचा तो याचसाठी. स्वर छोटा आणि गोल होतो. एवढ्यावर समाधान झालं तर पैसे वाचले. आवाज आवडला पण स्वर फार लवकर मरतो असं वाटलं, किंवा बोटांना गुळगुळीतपणाही हवा असला, तर मग फ्लॅट.

निवडताना लोक आधी ब्रँड विचारतात, मग गेज, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली तारांची जाडी. माझ्या मते पहिला प्रश्न ताणाचा आहे. त्याच गेजची फ्लॅट तार राउंडपेक्षा बोटाला ताठ लागते. राउंडचा ४५-१०५ सेट वर्षभर वाजवून कुणी थेट ४५-१०५ फ्लॅट लावला, की ‘बेस कडक झाला’ ही तक्रार ठरलेली. म्हणून पहिल्यांदा फ्लॅट लावणाऱ्याने ४५-१०० घ्यावा. दादारियो क्रोम्सचा ४५-६५-८०-१०० सेट यात मोडतो. फ्लॅटमध्ये तो त्यातल्या त्यात उजळ, त्यामुळे राउंडवरून येणाऱ्याला धक्का बसत नाही. ला बेला डीप टॉकिन बेसचा ४५-६५-८५-१०५ सेट अधिक जाड, अधिक जुन्या वळणाचा आवाज देतो. जेमरसनच्या नावाने ओळखला जाणारा त्यांचा ५२-७३-९५-११० सेट घ्यायचा असेल तर बोटात जोर हवा आणि नेक (बेसची मान) तगडी हवी, हौसेपोटी तो घेऊ नका. थॉमास्टिक-इनफेल्डचा जॅझ फ्लॅट ४३-५६-७०-१०० अगदी दुसऱ्या टोकाचा: ताण कमी, तार बोटाखाली मऊ आणि मधल्या पट्टीत बोलका. जोरात ओढून वाजवणाऱ्याच्या हाती तो फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटतो. हलक्या हाताच्या वादकाला माझी पहिली शिफारस मात्र हाच.

नायलॉन टेपवाउंड हाही एक पर्याय. रोटोसाउंडचा ट्रू बेस ८८ हा ६५-७५-१००-११५ गेजचा. गेज बघून दचकू नका, बाहेरचं नायलॉन वजनाला हलकं असतं, ताण तेवढा वाढत नाही. आवाज उभ्या डबल बेसकडे झुकतो. अडचण वेगळीच आहे. ११५ ची ई तार (सर्वांत जाड), म्हणजे जवळजवळ २.९ मिलिमीटर, नेहमीच्या नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाच्या खाचदार पट्टीच्या, खाचेत बसत नाही. ती वरच अडकते, पहिल्या फ्रेटपाशी उंच राहते आणि तिथले स्वर चढे लागतात. खाच रुंद करावी लागते, आणि रुंद केलेल्या खाचेत पुढे बारीक तार खडखडते. नायलॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही, पिकअपला (तारांखालच्या चुंबकी यंत्राला) फक्त आतलं लोखंड ‘दिसतं’. म्हणून आवाज थोडा दबतो आणि पिकअप जरा वर घ्यावा लागतो.

आता लांबी. सोलापुरातल्या दुकानात फ्लॅट सेट हाताशी मिळेलच असं नाही, बहुतेकदा मागवावा लागतो, आणि चुकीची लांबी आली की परतीचा खटाटोप. शिंप्याची टेप घ्या. ब्रिजमध्ये जिथे तारेच्या टोकाचा बॉल टेकतो तिथपासून नटपर्यंत ई तारेच्या बाजूने मोजा. ३४ इंच स्केलच्या (नटपासून सॅडलपर्यंत वाजणाऱ्या तारेची लांबी) साध्या ब्रिजवर हे अंतर ३६ इंचांच्या आसपास येतं. तारेवरचा लपेटलेला जाड भाग याहून थोडा जास्त हवा, म्हणजे तारेच्या टोकाला गुंडाळलेलं रंगीत रेशीम नटच्या पलीकडे सुरू होईल. रेशीम नटच्या अलीकडे आलं तर उघडी तार मेल्यासारखी वाजते. उलट जाड भाग फार लांब असला तर तो ट्यूनिंग पोस्टवर (सूर लावायच्या खुंटीवर) गुंडाळला जातो, वेढे फाकतात आणि तार तिथेच तुटते. तारा बॉडीच्या मागून ओवायची सोय असली तरी फ्लॅटसाठी वरून, ब्रिजमधूनच ओवा. सॅडलवरचा (ब्रिजवर तार जिथे टेकते त्या तुकड्यावरचा) तीव्र कोन चपट्या पट्टीला सोसत नाही.

बसवताना एकेकच तार बदला, म्हणजे नेकवरचा ताण एकदम सुटत नाही. तार सरळ ओढून तिच्या पोस्टच्या पुढे सुमारे १० सेंटीमीटर मोजा. तिथे पक्कडीने काटकोनात वाकवा आणि वाकवल्यानंतरच, वाकाच्या पुढे कापा. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते जरीचा धागा मध्येच कापून बघितलेल्याला ठाऊक आहे. पट्टी सुटायला लागते, वेढे आतल्या तारेवरून सरकतात आणि तार वाजायच्या आधीच निकामी होते. कापलेलं टोक पोस्टच्या मधल्या भोकात घाला, दोन ते अडीच वेढे वरून खाली घ्या. गुंडाळताना तारेला पीळ पडू देऊ नका. पिळलेली तार बाराव्या फ्रेटवर कधीच जुळत नाही. चारही तारा सुरात आल्या की सॅडलच्या अगदी पुढे आणि नटच्या अगदी पलीकडे अंगठ्याने हलकेच दाबा. ताठ तार तिथे कमानीसारखी उचललेली असते, दाबल्यावर नीट टेकते.

पहिल्या दिवशी सूर उतरत राहतो, तो पुन्हा पुन्हा लावा. दुसऱ्या दिवशी नेक बघा. ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार नि फ्रेटमधली फट मोजा. ०.३ मिलिमीटर धरून चाला. ताण वाढला असेल तर नेक पुढे झुकते, फट वाढते, अ‍ॅक्शन (फ्रेटपासून तारेची उंची) वाढते. मग ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. सैल सेट लावला असेल तर उलट होतं, खालच्या फ्रेटवर खरखर येते आणि रॉड पाव फेरा सैल करावा लागतो. सतराव्या फ्रेटवर तारेची उंची ई तारेला २.४ आणि ‘जी’ तारेला (सर्वांत बारीक) २ मिलिमीटर ही चांगली सुरुवात. शेवटी बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक आणि दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरता असेल तर पुढे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि मग पावसाळी दमट हवा येते, तेव्हा लाकूड हलतं. फटीची मोजणी जूनअखेर पुन्हा करा.

नव्या फ्लॅट तारा पहिल्या दिवशी बऱ्यापैकी धातूसारख्या वाजतात. ‘हा कसला उबदार आवाज?’ म्हणून चार दिवसांत सेट उतरवणारे आहेत, आणि त्यांचं हळहळ वाटण्याजोगं नुकसान होतं. रोज वाजवत राहिलं तर तीन-चार आठवड्यांत वरची चमक उतरते आणि खरा स्वर पुढे येतो. तोपर्यंत त्यांच्याबद्दल मत बनवू नका.

गणपतीच्या मंडपात किंवा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत उघड्यावर वाजवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. खोलीत एकटा वाजवताना जो आवाज मधासारखा वाटतो तो मंडपात गायबच होतो. उघडी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, आणि छोटे स्पीकर तेवढं खाली जातच नाहीत. राउंड तारांचे हार्मोनिक्स तिथे बेस ‘दाखवतात’, फ्लॅटमध्ये ते कमी असतात. अशा वेळी बेसचा नॉब आणखी वर नेला की नुसती घरघर वाढते. त्याऐवजी ४० हर्ट्झच्या खालचं कापा, ७०० ते ८०० हर्ट्झच्या आसपास थोडं उचला आणि ढोलकी किंवा ऑक्टोपॅड सुरू असताना ऐकून ठरवा.

देखभाल फारशी नाही. वाजवून झालं की सुती फडक्याने तारेच्या वरून आणि खालून पुसा, उन्हाळ्यात तर न चुकता. खोबरेल तेल, पावडर काही लावू नका. राउंड तारा उकळून पुन्हा चमकवतात, तो प्रकार इथे नको: टोकाचं रेशीम भिजून सैल होतं, आणि जी चमक घालवायला महिना लागला ती परत कशाला आणायची? एखादी तार तुटली आणि एकटी नवी लावली तर ती बाकीच्या तिघींत काही आठवडे वेगळी ऐकू येते. म्हणून उतरवलेला जुना फ्लॅट सेट फेकू नका. मोठ्या वेटोळ्यात, घडी न पाडता, कोणती तार कोणती ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. एकदा कापलेली तार त्याच बेसवर त्याच पोस्टला पुन्हा नीट बसते, आणि वेळ पडली तर मुरलेल्या सेटमध्ये मुरलेली ‘जी’ तार घालता येते.