एकाच नळीचे दोन उगम

सकाळी दहाच्या सुमारास आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्क खात्याच्या पोर्टलवर, क्वेरी आली. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाची घोषणा, आदल्या दिवशी भरलेली होती. माल तांब्याच्या नळीचा, शुल्कयादीतले चार अंकी शीर्षक ७४११, एसीच्या कॉइलसाठी गुंडाळ्यांत आलेला; एक कंटेनर, १८ टन, व्हिएतनामहून न्हावा शेवाला. सीमाशुल्कातली सवलत आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट)-भारत माल व्यापार कराराखाली, अधिसूचना ४६/२०११ लावून मागितली होती. फेसलेस असेसमेंट, म्हणजे समोरासमोर न येता शुल्कनिर्धारण, सुरू झाल्यापासून बिल तपासणारा अधिकारी कोणत्या शहरात बसला आहे हे आम्हा सीएचए (आयातदारांच्या वतीने सीमाशुल्काचे काम पाहणारे एजंट) लोकांना कळत नाही. दिसतात त्या फक्त त्याच्या दोन ओळी: सीमाशुल्क कायद्याच्या कलम २८डीएप्रमाणे फॉर्म एकची माहिती द्या, आणि आठव्या रकान्यातला टक्का कसा काढला त्याचा आधार द्या.

माल कोणत्या देशाचा हे सांगणाऱ्या उगम प्रमाणपत्राच्या आठव्या रकान्यात उगमाची कसोटी लिहितात. आसियान करारात सर्वसाधारण कसोटी दुहेरी आहे. मालाच्या एफओबी किमतीपैकी (जहाजावर चढवेपर्यंतची किंमत) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांत तयार झालेले हवे, आणि बाहेरून आलेल्या कच्च्या मालाचे सहा अंकी उपशीर्षक बदललेले हवे. दोन्ही अटी एकत्र. शिवाय शेवटची प्रक्रिया निर्यात करणाऱ्या देशातच झालेली हवी. आमच्या प्रमाणपत्रावर टक्का होता ९८.

तांब्याच्या नळीवर ९८ टक्के दिसले की हात थांबायलाच हवा. कॅथोड (शुद्ध तांब्याचा पत्रा) वितळवायचा, बिलेट (धातूचा दांडा) ओतायचे, त्याची पोकळ नळी काढायची, ती ओढत ओढत बारीक करायची, भट्टीत मऊ करायची आणि गुंडाळायची, एवढे सगळे करूनही नळीच्या किमतीत धातूचाच वाटा ८० टक्क्यांच्या वर जातो. या धंद्यात भाव ठरतो तोच लंडन मेटल एक्स्चेंजचा दर, अधिक प्रीमियम, अधिक कन्व्हर्जन (घडणावळ), असा. म्हणजे कॅथोड कराराबाहेरचा असेल तर ३५ टक्के गाठणे जवळपास अशक्य, आणि आतला असेल तर सहज ९५ च्या पुढे. मधले काही नसतेच. सगळा प्रश्न कॅथोड कुठला, एवढ्यावर येऊन थांबतो.

आयातदार एसीचे सुटे भाग बनवतात. त्यांनी फॉर्म एक भरून ठेवलेला होता, पण पुरवठादाराने सांगितलेला आकडा तसाच उतरवून. या फॉर्ममध्ये उत्पादनाची प्रक्रिया, प्रत्येक घटकाचा उगम, त्याचे मूल्य आणि तो घटक उगमपात्र, म्हणजे करारातल्या देशांतलाच, का धरला याचे कारण लिहायचे असते. करारांखाली सवलत मागणाऱ्या मालाचा उगम तपासण्याचे कॅरोटर नियम २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झाले तेव्हापासून ही माहिती आयातदाराने माल मागवण्याआधीच जवळ ठेवायची आहे, आणि बिल ऑफ एंट्रीच्या तारखेपासून पाच वर्षे सांभाळायची आहे. ‘परदेशी सरकारी संस्थेचे प्रमाणपत्र आहे, आम्हाला काय माहीत’ हे उत्तर आता चालत नाही. क्वेरीनंतर माहिती द्यायला दहा कामाचे दिवस मिळतात. पोर्टवर कंटेनरचे मोफत दिवस मात्र त्याच्या आधीच संपतात, आणि मग पोर्टचे डेमरेज (माल पडून राहिल्याचे भाडे) आणि शिपिंग लाइनचे डिटेन्शन (कंटेनर अडकवून ठेवल्याचे भाडे) दोन्ही बाजूंनी चालू होते.

पुरवठादाराकडून खर्चाचा तक्ता मागवला. दुपारी आला. आकडे प्रति टन असे होते: एफओबी किंमत ९,८०० डॉलर. कॅथोड १.०२ टन, ८,२०० डॉलरच्या दराने, म्हणजे ८,३६४ डॉलर. पुढे शेरा, ‘उगमपात्र, जपान’. वंगण तेल, पॅकिंगचे सामान वगैरे उगमपात्र नसलेले साहित्य १९६ डॉलर. ९,८०० मधून १९६ वजा, भागिले ९,८००: बरोबर ९८ टक्के. तक्त्याच्या माथ्यावर कराराचे नाव होते, आणि ते आसियान-भारत नव्हते. आरसेप होते.

प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी, म्हणजे आरसेप. हाच कारखाना हीच नळी ऑस्ट्रेलियाला आणि कोरियाला पाठवतो. तिकडे जपानी कॅथोड ‘आपला’ धरला जातो, कारण जपान त्या करारात आहे आणि सदस्य देशातला उगमपात्र कच्चा माल दुसऱ्या सदस्याने वापरला की तो तिथलाच मोजला जातो. भारतासाठी प्रमाणपत्र काढताना तोच तक्ता पुढे सरकवला गेला. आसियान-भारत करारात असा संचय फक्त आसियान देश आणि भारत यांच्या मालाचा होतो. जपान तिथे परका. हिशेब पुन्हा मांडला: बाहेरचे साहित्य ८,३६४ अधिक १९६, म्हणजे ८,५६०. उरले १,२४० डॉलर. टक्का १२.६५. हवे होते ३५.

उपशीर्षकाची अट मात्र आरामात पुरी होत होती, कारण कॅथोड ७४०३ मध्ये आणि नळी ७४११ मध्ये. दुहेरी कसोटीचे महत्त्व इथे कळते. नुसती शीर्षक-बदलाची कसोटी असती तर कुणाला किंमत विचारायचे कारणच पडले नसते.

चोरटा चिनी माल व्हिएतनामचा शिक्का मारून आला, अशी ही केस नव्हती. नळी खरोखर तिथेच ओढलेली होती. कॅथोडही खरोखर जपानीच, पुरवठादाराने कॅथोडची बिले न मागता जोडली होती. चूक एवढीच की एका कराराचे गणित दुसऱ्या कराराच्या कागदावर उतरले, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्याही ते लक्षात आले नाही.

पुढे दोन वाटा होत्या. पहिली, प्रमाणपत्राला धरून बसायचे. मग अधिकारी कॅरोटरच्या नियम ६ खाली निर्यात देशाच्या पडताळणी संस्थेकडे विचारणा पाठवतो. मुदत त्या-त्या करारात दिलेली असते. करारात नसेल तर ६० दिवस. तोवर माल हवा असेल तर कलम १८ खाली हंगामी असेसमेंट, म्हणजे बॉन्ड आणि शुल्कातल्या फरकाइतकी सुरक्षा रक्कम. उत्तर ‘नाही’ आले की त्याच निर्यातदाराच्या त्याच प्रकारच्या इतर मालाची सवलतही नाकारता येते. आम्हाला तर उत्तर आधीच माहीत होते, त्यामुळे ही वाट म्हणजे जाणूनबुजून चुकीचा दावा चालवणे. दुसरी वाट, सवलतीचा दावा मागे घ्यायचा, पूर्ण दराने सीमाशुल्क आणि त्यावरचा १० टक्के समाजकल्याण अधिभार भरायचा, आणि याच पुरवठादाराकडून आधी आलेल्या खेपा स्वतःहून उघडायच्या. नोटीस येण्याआधी फरक व्याजासह भरला तर प्रकरण कलम २८ च्या सौम्य बाजूला राहते. व्याज वर्षाला १५ टक्के. एकात्मिक जीएसटीचा फरक पडला तरी त्याचे क्रेडिट मिळू शकते. सीमाशुल्क आणि अधिभार मात्र थेट खर्चात जातात.

आयातदारांना फोन करून दुसरी वाट सांगितली. त्यांनी विचारले ते शब्दशः असे: “म्हणजे साहेब, आपण त्या आरसेपमध्ये असतो तर हाच माल कायदेशीर बसला असता?”

हो, बसला असता. मूल्याच्या कसोटीवर तिथे साधारण ४० टक्के लागतात आणि जपानी धातू धरून ते सहज होतात. शिवाय आरसेपमध्ये प्रत्येक वस्तूसाठी वेगळा नियम आहे, आणि अनेक ओळींवर ‘४० टक्के मूल्य किंवा शीर्षक-बदल’ असा पर्याय आहे. आपण वर्षानुवर्षे ‘आणि’ म्हणत आलो, तिथे ‘किंवा’ आहे. चार अंकी शीर्षक बदलले की काम झाले, टक्का मोजायलाच नको.

भारताने या करारात जावे की नाही, याची चर्चा चीनशी असलेली तूट आणि न्यूझीलंडचे दूध या दोन मुद्द्यांवर होते आणि तिथेच संपते. दोन्ही मुद्दे खरे आहेत. पण निर्णयाचे वजन त्या ‘आणि’ नि ‘किंवा’मध्ये जास्त आहे, असे मला रोजच्या कागदांवरून दिसते.

वाटाघाटी नोव्हेंबर २०१२ मध्ये सुरू झाल्या, सोळा देशांच्या. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकला भारत बाजूला झाला. बाकी पंधरा देशांनी १५ नोव्हेंबर २०२० रोजी सही केली आणि १ जानेवारी २०२२ पासून करार टप्प्याटप्प्याने लागू झाला. २०१९ चा तो नकार मला तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो, आणि त्याचे सर्वांत ठोस कारण आधारवर्ष आहे. शुल्ककपात २०१४ च्या दरांपासून मोजायची, असा मसुदा होता. भारताला ते वर्ष २०१९ हवे होते. दरम्यानच्या काळात आपण दर वाढवले होते. मोबाइल फोनवर जुलै २०१७ मध्ये १० टक्के मूळ सीमाशुल्क आले, डिसेंबरात १५ झाले, फेब्रुवारी २०१८ मध्ये २०. एसी, फ्रिज आणि लहान वॉशिंग मशीनवर सप्टेंबर २०१८ मध्ये दर १० वरून २० झाला. आधारवर्ष २०१४ मान्य केले असते तर कपातीची शिडी जुन्या, खालच्या पायरीवरूनच सुरू झाली असती आणि मधली सगळी वाढ करारातल्या देशांपुरती पुसली गेली असती. ज्यांनी त्या दरांवर विसंबून कारखाने टाकले, त्यांना याचा काय हिशेब देणार होतो? आयात ठरावीक प्रमाणापलीकडे गेली की शुल्क आपोआप वाढावे, ही तरतूदही भारताने मागितली होती. तीही हवी तशी मिळाली नाही.

पण बाहेर राहण्याची किंमत नाही, असे समजणे चूक आहे. ती या नळीतच दिसते. थायलंडमधला एसी कारखाना कोरियाला माल पाठवताना नळी चीनकडून घेतो तेव्हा ती त्याच्या टक्क्यात मोजली जाते. भारताकडून घेतली तर ती परकी ठरते आणि टक्का खाली ओढते. भाव सारखा असला तरी खरेदी खात्याचा माणूस कोणती घेईल? सीमाशुल्काची एकही ओळ न बदलता भारतीय सुटा भाग असा यादीतून गळतो. हा तोटा आपल्या आयात-निर्यातीच्या तक्त्यात वेगळा कुठे दिसत नाही, म्हणून त्याची ओरडही होत नाही.

आणि आतली बाजूही नीट नाही. जपानशी आपला स्वतंत्र करार १ ऑगस्ट २०११ पासून आहे, त्याखाली जपानी कॅथोड इथे सवलतीत येतो. आसियानची नळी सवलतीत येते. पण जपानी कॅथोडची आसियानमध्ये ओढलेली नळी येत नाही. दोन करार जवळ असून ते एकमेकांना ओळखत नाहीत. प्रादेशिक करार हा गुंता सोडवतो, हे त्याचे खरे बळ. उलट्या शुल्करचनेचे, म्हणजे कच्च्या मालावर तयार मालापेक्षा जास्त शुल्क असण्याचे, दुखणे मात्र तो सोडवत नाही. तांब्याच्या सांद्रावर (ज्यापासून कॅथोड बनतो ते समृद्ध केलेले खनिज) इथला कॅथोडवाला अडीच टक्के भरत होता, आणि सवलत नसलेल्या कॅथोडवर पाच टक्के भरून नळीवाला शून्य शुल्काच्या नळीशी झुंजत होता. त्यातच २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांबे प्रकल्प बंद झाला आणि शुद्ध तांबे निर्यात करणारा देश निव्वळ आयातदार झाला. अशा स्थितीत दार आणखी उघडले असते तर नळीवाल्याकडे टिकायला काहीच उरले नसते. दोष दाराचा कमी आणि घरातल्या उताराचा जास्त आहे. तो उतार आपल्याच अर्थसंकल्पात बदलता येतो, त्यासाठी बँकॉकला जावे लागत नाही.

आरसेपमध्ये भारतासाठी दार उघडे ठेवलेले आहे. इतरांना करार लागू झाल्यावर १८ महिने थांबावे लागणार होते, भारताला ती अट नाही. मला विचाराल तर आज लगेच जाऊ नये, पण तयारी आजच सुरू करावी. एकेक ओळ घेऊन कच्च्या मालावरचे शुल्क तयार मालापेक्षा वर कुठे आहे ते आधी सरळ करावे. वाटाघाटीत ज्या ओळींवर ‘किंवा’ परवडत नाही तिथे ‘आणि’साठी अडून बसावे. वेगवेगळ्या सदस्यांना वेगवेगळे दर देणाऱ्या देशांनी निवडक वस्तूंवर निर्यातदार देशातच किमान २० टक्के मूल्य तयार झाले पाहिजे अशी जादा अट त्या करारात लावून घेतली आहे. म्हणजे मागणी करायला जागा असते. आणि सर्वांत आधी पडताळणी करणारी माणसे वाढवावीत, धातूचा खर्च वाचता येणारी, रसायनाची प्रक्रिया समजणारी. आमच्या केसमध्ये ९८ हा आकडा एका जागरूक अधिकाऱ्याला खटकला. पंधरा देशांचा माल एका कराराखाली येऊ लागला, त्यात मान्यताप्राप्त निर्यातदारांची स्वतःची घोषणाही चालू लागली, तर असे किती आकडे कुणाला खटकणार?

संध्याकाळी साडेपाचला क्वेरीला उत्तर गेले: दावा मागे, सोबत दुरुस्त हिशेब, पूर्ण दराने पुनर्निर्धारणाची विनंती. दुसऱ्या दिवशी चलन निघाले, शुल्क भरले आणि कंटेनर मोफत दिवसांतच बाहेर पडला. आधीच्या चार खेपांचे तक्ते मागवले. त्यातल्या तीन जपानी कॅथोडच्या निघाल्या, एक मलेशियातल्या उगमपात्र मालाची. तिन्हींचा फरक व्याजासह भरला. चौथीचे कागद पूर्ण करून फाइलला लावले.

त्या दिवसापासून आमच्याकडून पुरवठादारांना जाणाऱ्या माहितीपत्रकात पहिला रकाना बदलला. आधी मालाचे वर्णन असायचे. आता आधी कराराचे नाव, मग प्रत्येक कच्च्या मालापुढे दोन घरे: कोणत्या देशाचा, आणि तो देश *या* करारात आहे का.