गाडीवरची छत्री आणि चांद्रयानाची संध्याकाळ

घरावर टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, एकदा नीट बसली की पाच-सात वर्षं तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. माकडांनी लोंबकळून वाकवली किंवा वादळात पत्र्यासकट गेली, तरच आम्हा छत्री बसवणाऱ्यांना फोन येतो. त्यामुळे २३ ऑगस्ट २०२३ ला दुपारी फोनवरचा माणूस म्हणाला, "दादा, छत्री गाडीवर बसवलेली आहे, पण एकही चॅनल लागत नाही," तेव्हा मला वाटलं एखाद्या पाळणेवाल्याचा ट्रक असेल. पण श्रावणात जत्रा कुठली? मग कळलं, पुण्याची मंडळी कॅरॅव्हॅन घेऊन भंडारदऱ्याला आली आहेत आणि आजींना संध्याकाळी चांद्रयान उतरताना बघायचं आहे.

मोबाइलवर बघा म्हणायची सोय नव्हती. मुरशेतच्या बाजूला धरणाच्या काठी रेंज आली तर एक काडी, तीही हात वर करून उभं राहिल्यावर. व्हिडिओ तर विसराच. राजूरहून मी निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. दूरदर्शनचं थेट प्रक्षेपण पाच-वीसला सुरू होणार आणि यान सहा वाजून चार मिनिटांनी टेकणार, हे सकाळपासून सगळीकडे चाललंच होतं.

सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्या आमच्या भागात अधूनमधून दिसतात. युरोपात गाडीमागे घर जोडून ओढतात, तसं आपल्याकडे फारसं दिसत नाही; घाटात ते परवडणारही नाही. ही टेम्पो ट्रॅव्हलर होती. आतल्या सीटा काढून ओटा, बेसिन, दोन पलंग आणि भिंतीला चोवीस इंची टीव्ही. टपावर मात्र मी कधी हातात न घेतलेली वस्तू होती : मोठं पातेलं पालथं घालावं तसा पांढरा फायबरचा घुमट. आत छोटी अँटेना, तिला मोटर. बटण दाबलं की ती आपली आपण फिरून उपग्रह शोधते. साहेबांनी ती ओळखीच्या कोणाकडून जर्मनीहून मागवली होती, आणि गाडी बनवणाऱ्याने चार भोकं पाडून, सिलिकॉन भरून बसवून दिली होती. "मोकळ्या मैदानात गेलात की पकडेल," असं सांगून.

बटण दाबलं. घुमटात घरघर झाली, थांबली, पुन्हा घरघर. आजी म्हणाल्या, "कालपासून हेच. दळण चाललंय नुसतं."

आतल्या कंट्रोल पॅनलवर उपग्रहांची यादी होती. ती वाचली आणि पुढची परीक्षा घ्यायची गरजच उरली नाही. अॅस्ट्रा १, अॅस्ट्रा २, हॉटबर्ड, तुर्कसॅट, हिस्पासॅट. आपल्या डोक्यावरचा एकही नाही. अशी यंत्रं आंधळेपणाने आकाश चाळत नाहीत. प्रत्येक उपग्रहाच्या काही फ्रिक्वेन्सी त्यांच्या पोटात भरलेल्या असतात, त्या जुळल्या की मोटर थांबते. अॅस्ट्रा २ पूर्व रेखांशाच्या २८.२ अंशावर आहे, हॉटबर्ड १३ वर. त्यांचा झोत युरोपावर पडतो. इथे सह्याद्रीत बसून ते यंत्र जन्मभर फिरलं असतं. आपल्या डीडी फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सेवेचा, उपग्रह जीसॅट-१५ आहे ९३.५ अंशावर, म्हणजे इथून बघायचं तर अगदी दुसऱ्या बाजूला.

साहेब कपाळाला हात लावून बसले. किती पैसे गेले ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वहिनी मात्र त्यांच्याकडे बघत होत्या, त्यावरून आकडा बरा असावा.

माझ्या गाडीत नेहमीची साठ सेंटिमीटरची छत्री, एलएनबी (छत्रीसमोर हातावर बसणारा, सिग्नल झेलणारा डबा) आणि पंधरा-वीस मीटर केबल होती. पाय म्हणून लोखंडी तिवई घेतली. लग्नात पडदा लावून मॅच दाखवायला मी ती वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली आहे. टपावर छत्री लावू नका हे मी त्यांना आधीच सांगितलं. माणूस गाडीत चालला तरी गाडी स्प्रिंगवर हलते, आणि साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. आजी चहा टाकायला उठल्या की चित्र गेलं, असं व्हायचं. दुसरं म्हणजे, गाडी सावलीत हवी आणि छत्री उघड्यावर हवी. जमिनीवर तिवई असली की गाडी हिरड्याखाली राहू दे, छत्री दहा मीटर लांब नेता येते.

इथपर्यंत सोपं होतं. साहेबांनी दिशा काढायला मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि गाडीच्या दाराशी उभं राहून हात केला, तो जवळजवळ सरळ पूर्वेला. एवढं लोखंड शेजारी असल्यावर सुई खरं कसं बोलणार? मी त्यांना वीस पावलं लांब नेलं, तिथे ती सरळ झाली. पण खरं सांगायचं तर मला होकायंत्र लागत नाही. वरच्या अंगाला वाडी होती. कौलांवर, पत्र्यांवर सहा-सात छत्र्या दिसत होत्या आणि त्यातल्या बहुतेकींचं तोंड एकाच बाजूला, आग्नेयेला. नातीला दाखवलं. तेरा-चौदा वर्षांची पोर, सगळ्यात आधी तिलाच समजलं. "म्हणजे कुठेही गेलो तरी गावाकडे बघायचं?" मी म्हटलं, "बघायचं, पण जपून. सगळ्या छत्र्या एका कंपनीच्या नसतात."

भंडारदऱ्याहून जीसॅट-१५ ची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे साधारण १३३ अंश येते आणि उंची ५८ अंश. म्हणजे बराच वर. तरीही छत्री लावली तेव्हा साहेब म्हणाले, "ही तर समोरच्या डोंगराकडेच बघतेय, सिग्नल अडेल." हे मला प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं. आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबीचा हात खालून येतो. त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं त्याच्यापेक्षा तिची नजर वीस-बावीस अंश वर असते. डोंगराची चिंता नको, वरच्या फांदीची करा. इंग्लंडमध्ये अॅस्ट्रा २ क्षितिजापासून पाव काटकोनाच्या थोडाच वर असतो, म्हणून तिथल्या कॅरॅव्हॅनवाल्यांना झाडांमधली फट शोधत हिंडावं लागतं. त्या मानाने आपण नशीबवान.

एलएनबी सरळ उभा ठेवला तर अर्धे चॅनल येतात किंवा येतच नाहीत. तो आपल्या खाचेत चाळीस-पंचेचाळीस अंश फिरवावा लागतो, कारण उपग्रह आपल्या दक्षिणेला नसून बराच पूर्वेकडे सरकलेला आहे. घरावर हे एकदाच करायचं असतं, म्हणून लोकांना माहीतच नसतं. मी परमनंट मार्करने एलएनबीच्या मानेवर आणि पट्टीवर एकच आडवी रेघ मारून दिली. महाराष्ट्रात फिरताना दोन-चार अंशांचा फरक पडेल तेवढा पडेल, रेघ जुळवली की काम भागतं.

आता सेट-टॉप बॉक्स. टीव्हीच्या सेटिंगमध्ये स्ट्रेंग्थ ८५ दाखवत होती आणि साहेब खूश झाले. क्वालिटी शून्य होती. स्ट्रेंग्थच्या पट्टीने फार लोक फसतात. नुसता एलएनबी जोडून छत्री जमिनीकडे केली तरी ती भरलेली दिसते. तो एलएनबीचा स्वतःचा गोंगाट असतो, सिग्नल नव्हे. उपग्रह सापडला हे फक्त क्वालिटी सांगते. माझा सिग्नल मीटर लावला, छत्री सावकाश डावीकडून उजवीकडे आणली. मध्येच खणखणीत बीप झाला. पोरगी ओरडली, "मिळाला!" पण बॉक्सवर क्वालिटी शून्यच. तो ९५ अंशावरचा शेजारचा उपग्रह होता. दीड अंशाचं अंतर, म्हणजे नटावर पाव फेरादेखील नाही. आग्नेयेला तोंड करून उभं राहिलं की पूर्व डाव्या हाताला येते, म्हणून छत्री केसभर उजवीकडे आणि केसभर वर. १० नंबरच्या पान्याने नट अर्धवट आवळून ठेवायचा, कडेला बोटाने नुसतं टेकायचं. बीप गेला, मग पुन्हा आला. क्वालिटी ६४. एलएनबी थोडा फिरवला, ७१.

आणि बॉक्स गाडीतल्या केबलवर घेतला तर पुन्हा शून्य. वर "एलएनबी शॉर्ट".

वेळ पावणेपाचची. गाडीच्या भिंतीतून आलेली केबल मी मागून सोडवली. कनेक्टर उघडला तर केबलच्या बाहेरच्या जाळीची केसाएवढी एक तार मधल्या तांब्याला चिकटलेली. बॉक्स याच तांब्यावरून वर तेरा किंवा अठरा व्होल्ट पाठवतो, त्यावरच एलएनबी चालतो आणि त्यावरूनच त्याला उभ्या लहरी घ्यायच्या की आडव्या ते कळतं. एवढ्याशा तारेने सगळं खुंटलं होतं. म्हणजे घुमटाच्या यादीत आपला उपग्रह असता तरीही चित्र आलं नसतं! ज्याने कोणी हे वायरिंग केलं त्याने एकदाही टीव्ही लावून बघितला नसणार. माझ्या धंद्यातल्या या सवयीची मला चीड आहे. बसवलं, फोटो काढला, पैसे घेतले, गेले. मी टोक कापून नवा कनेक्टर घातला.

पाच वाजता डीडी नॅशनल लागलं. पाच-दहाला धरणावरून सर आली.

खरं तर त्या ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली होती. १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. पण भंडारदऱ्याला असले आकडे कळत नाहीत. चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटायला लागला. या फ्रिक्वेन्सीला पावसाचा थेंब मोठा शत्रू. त्यातही डोक्यावर किती पडतोय यापेक्षा आग्नेयेच्या ढगात किती पाणी आहे ते महत्त्वाचं. वाऱ्याने तिवई हलू नये म्हणून पाण्याचा वीस लिटरचा जार मी मधल्या दांड्याला बांधला होता, ती काळजी नव्हती. ढगाचं मी काय करणार? एलएनबीच्या तोंडावरचं पाणी पुसलं आणि साहेबांच्या छत्रीखाली उभा राहिलो. त्या पावसाच्या छत्रीखाली उभं राहून टीव्हीच्या छत्रीकडे बघताना नात हसून हसून बेजार.

पंधरा मिनिटांत सर ओसरली. क्वालिटी ५० वर आली आणि चित्र बसलं.

आजी भूगोलाच्या शिक्षिका होत्या हे मला तेव्हा कळलं. त्यांनी विचारलं, "हे दिल्लीहून आपल्याकडे किती लांबून येतं?" मी म्हटलं, "वर छत्तीस हजार किलोमीटर आणि खाली तेवढंच." त्या म्हणाल्या, "आणि चंद्र पावणेचार लाखांच्या पुढे. म्हणजे तुमचा उपग्रह गल्लीतलाच." तोही इस्रोचाच आहे, नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानाहून एरियान रॉकेटने गेला, हे मी सांगितल्यावर त्यांनी मला तिथेच पलंगावर बसायला लावलं. बाहेर टेंटवाल्याची दोन पोरं आणि वाडीतले चार-पाच जण दाराशी जमले होते. पावणेसहाला उतरणं सुरू झालं. पडद्यावर उंची आणि वेगाचे आकडे कमी होत होते. दर मिनिटाला माझी नजर टीव्हीवरून बाहेर तिवईकडे जात होती, सवय. सहा वाजून चार मिनिटांनी बेंगळुरूच्या त्या खोलीत सगळे उठून टाळ्या वाजवायला लागले आणि आमच्या दारातही गलका झाला. टेंटवाल्याच्या धाकट्याने शिट्टी मारली ती आजींच्या कानाशीच.

निघायच्या आधी मी छत्री मुद्दाम सोडवली आणि नातीला म्हटलं, "आता तू लाव." साहेबांना वाटलं माझं डोकं फिरलं. पण गाडी उद्या हलणार, परवा दुसऱ्या धरणावर; मी प्रत्येक ठिकाणी येणार आहे का? अंधार पडायच्या आत तिने दोनदा लावली, एकदा ९५ वर अडकली, मग स्वतःच उजवीकडे आली. तिवई मी त्यांनाच विकत दिली.

दिवाळीनंतर कोयनेच्या बाजूने तिचा फोन आला. "दादा, इथे छत्र्या दोन दिशांना आहेत, कोणती धरू?" मी म्हटलं, "उजवीकडच्या असतील ८३ अंशवाल्या, डावीकडच्या १०८ वाल्या, दुसऱ्या कंपन्यांच्या. आपला मधेच." थोड्या वेळाने व्हॉट्सॲपवर फोटो आला : क्वालिटी ६८. फोटोत टपावर तो जर्मन घुमट तसाच होता. मी विचारलं, काढला नाही अजून? साहेबांनी लिहिलं, काढला तर चार भोकांतून पाणी गळेल, म्हणून ठेवलाय.