आईचा हयातीचा दाखला आणि न उमटणारा अंगठा

बाबा रेल्वेत होते, त्यामुळे आईला फॅमिली पेन्शन मिळते आणि दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. 2014 साली 'जीवन प्रमाण' ही सरकारची ऑनलाइन दाखल्याची सेवा सुरू झाल्यापासून तो अंगठा लावून देता येतो. यंदा मात्र सेवा केंद्रावरचं मशीन आईचा अंगठा घेईचना. दुसऱ्या हाताचाही नाही.

"मावशी, जोरात दाबा," असं तिथला मुलगा सांगत होता. हा सल्ला चुकीचा आहे. या मशीनमध्ये काचेला खालून प्रकाश येतो. बोटाच्या उंचवट्याच्या रेषा काचेला टेकतात तिथे तो विखुरतो आणि चित्रात काळं दिसतं. मधल्या खाचांत हवा असते, तिथून प्रकाश परततो. रेषा कुठे संपते, कुठे तिला फाटा फुटतो, या खुणा जुळवून ओळख पटते. जोर दिला की खाचाच बुजतात.

ट्यूबलाइटखाली आईचा अंगठा निरखून पाहिला. रेषा जवळपास सपाट, आणि त्यांना आडव्या छेदणाऱ्या बारीक भेगा. आयुष्यभर भांडी घासली, धुणी धुतली, त्याच्या या खुणा. कोरडी कातडी काचेला नीट टेकत नाही, मग रेषा तुटक उमटतात. माझ्या ऑफिसातला माउसही बोट ओळखून कॉम्प्युटर उघडतो. त्यात प्रकाशाऐवजी विजेच्या भारातला फरक मोजतात, पण कोरड्या बोटाचा त्रास त्यालाही होतोच.

मी काच मऊ कापडाने पुसून घेतली. आईच्या बोटांना क्रीम चोळलं, थोडं मुरू दिलं आणि वरचं टिपून काढलं. मग अंगठा सोडून बाकीची बोटं लावायला सांगितली. आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात, अंगठाच हवा असं नाही. डाव्या अनामिकेला हिरवी खूण आली आणि मोबाइलवर प्रमाण आयडीचा, म्हणजे तयार झालेल्या दाखल्याच्या नंबराचा, मेसेज आला.

"ठसा लागत नाही" म्हणून कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला परत पाठवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण बुबुळांवरूनही दाखला निघतो. 2021 पासून तर चेहऱ्यावरूनही निघतो, तोही घरच्या अँड्रॉइड फोनवर. पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचा नंबर), बँकेचं पासबुक, आधार आणि ओटीपी येणारा मोबाइल मात्र जवळ ठेवा.