जॉन स्ट्रीटचं देऊळ कुणी बांधलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याहून कुणी पाहुणे आले की मी त्यांना न्यूयॉर्कचा वॉल स्ट्रीट दाखवते आणि परत फिरायच्या आधी जॉन स्ट्रीटला नेते. उंच इमारतींच्या खोबणीत एक ठेंगणं मेथॉडिस्ट चर्च आहे, ४४ नंबरला. आम्ही मराठी ख्रिस्ती घरी चर्चला देऊळच म्हणतो, म्हणून प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो : "हे देऊळ कुणी बांधलं गं?" तिथे उभ्या उभ्या मी अर्धवट काहीतरी सांगते आणि गाडीची वेळ होते. आज नीट लिहिते.

एका ओळीतलं उत्तर सोपं आहे : फिलिप एम्बरी, सुतार. पण तेवढ्यावर थांबणं मला पटत नाही.

ही माणसं मुळात जर्मन. ऱ्हाईनकाठच्या पॅलेटिनेट भागातून लढाया आणि उपासमारीला कंटाळून १७०९ मध्ये हजारो कुटुंबं निघाली. त्यांतली काही आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात जमीनदारांच्या शेतांवर वसवली गेली. मेथॉडिस्ट पंथ सुरू करणारे इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली घोड्यावरून फिरत तिथे उपदेश करायला यायचे, त्यांचं ऐकून या वस्त्यांतली बरीच घरं मेथॉडिस्ट झाली. (ऑक्सफर्डमध्ये वेस्ली आणि त्यांचे सोबती प्रार्थना, अभ्यास, तुरुंगातल्या कैद्यांच्या भेटी, सगळं ठरल्या वेळी, शिस्तीत करायचे. मेथॉडिस्ट, म्हणजे पद्धतवाले, म्हणून त्यांना चिडवायचे, तेच नाव चिकटलं.) पुढे शेतांचे खंड वाढत गेले आणि १७६० मध्ये यांतली काही कुटुंबं जहाजात बसून न्यूयॉर्कला आली. त्यांत एम्बरी होता, आणि त्याची चुलतबहीण बार्बरा हेक.

एम्बरी आयर्लंडमध्ये उपदेश करायचा. इथे आल्यावर गप्प झाला. नवा देश, पोटापाण्याची धावपळ, कोण ऐकणार! मला त्याची ही गप्प वर्षं फार कळतात. मीसुद्धा इथे आल्यावर कितीतरी रविवार घरीच काढले.

१७६६ मध्ये एके दिवशी बार्बराला आपलीच माणसं पत्ते खेळत बसलेली दिसली. परंपरेने चालत आलेली गोष्ट अशी की तिने पत्ते गोळा करून चुलीत टाकले आणि तडक एम्बरीचं घर गाठलं. तू आम्हाला उपदेश केला पाहिजेस, नाहीतर आमच्या नाशाचा जाब देव तुला विचारेल, असं तिने त्याला बजावलं. तो म्हणाला, माझ्याकडे ना जागा ना मंडळी. तिने सांगितलं, स्वतःच्या घरात कर, आपल्याच माणसांपुढे कर. पहिल्या भक्तीला पाच जण होते : एम्बरी, बार्बरा, तिचा नवरा पॉल, जॉन लॉरेन्स नावाचा मजूर आणि बेटी नावाची आफ्रिकन गुलाम स्त्री. बेटीला आडनाव नाही. मंडळी मात्र तिच्यासकट पाचांची झाली. तिच्याशिवाय चारच.

घर पुरेना म्हणून त्यांनी जहाजांचे दोर-शिडं तयार करायचा एक माळा भाड्याने घेतला. एका डोळ्यावर पट्टी बांधलेले कॅप्टन थॉमस वेब लष्करी गणवेशात यायचे, तलवार समोर ठेवून उपदेश करायचे. माळाही अपुरा पडला, तेव्हा जॉन स्ट्रीटवर जागा घेतली आणि वर्गणी काढली. वेबनी तीस पौंड दिले. अडीचशेच्या आसपास नावांच्या त्या यादीत शहरातले प्रतिष्ठित आहेत, आणि रेचल व मार्गारेट या काळ्या मोलकरणीही आहेत, नुसत्या पहिल्या नावाने. दुसऱ्याच्या घरात राबून साठवलेल्या शिलिंगांतून त्यांनी दिलं. कुणी बांधलं असं विचारलंत की मला आधी या दोघी आठवतात.

साठ फूट लांब, बेचाळीस फूट रुंद अशी ती दगडी इमारत होती. इंग्लंडच्या अधिकृत चर्चबाहेरच्या लोकांना रीतसर चर्च बांधायला परवानगी नव्हती, म्हणून आत चूल आणि वर धुराडं काढलं, म्हणजे कागदोपत्री राहतं घर. व्यासपीठ एम्बरीने स्वतःच्या हाताने केलं आणि ३० ऑक्टोबर १७६८ ला त्यावर उभं राहून पहिला उपदेशही त्यानेच दिला. वचन बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याचं होतं, पडीत जमीन नांगरण्याचं. समोर बसलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना ते वेगळं समजवावं लागलं नसणार.

आता पीटर विल्यम्स. हा या देवळाची झाडलोट आणि देखभाल करायचा, आणि गुलाम होता. मालक तंबाखूचा व्यापारी, इंग्रजांच्या बाजूचा. १७८३ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात इंग्रज हरले आणि मालक शहर सोडायला निघाला, तेव्हा विश्वस्तांनी पीटरला चाळीस पौंडांना विकत घेतलं. हे वाक्य मी कधीच भरभर म्हणू शकत नाही. एका देवळाने माणूस विकत घेतला. पीटरने ते पैसे हप्त्याहप्त्याने फेडले, शेवटचा १७८५ मध्ये. मुक्ततेचा लेखी कागद हातात पडायला १७९६ साल उजाडलं. त्याच साली काळ्या सभासदांनी वेगळी भक्ती सुरू केली, कारण गोऱ्यांच्या बरोबरीची जागा त्यांना मिळत नव्हती. त्यातून झायन चर्च झालं आणि १८०० मध्ये त्याच्या इमारतीची कोनशिला पीटरने बसवली. जॉन स्ट्रीटची गोष्ट हा भाग गाळून सांगणाऱ्यांवर माझा राग आहे.

आज दिसते ती तिसरी इमारत, १८४१ ची. एम्बरी आणि हेक कुटुंबं तर १७७० च्या सुमारासच नव्या जमिनीच्या शोधात उत्तरेला गेली. स्वातंत्र्ययुद्धात राजाच्या बाजूला राहिल्यामुळे बार्बराला तिथूनही उठावं लागलं. कॅनडात जाऊन तिने पुन्हा रान साफ केलं, पुन्हा मंडळी जमवली. १८०४ मध्ये ती वारली तेव्हा मांडीवर जर्मन बायबल होतं. बोलणं इंग्रजी, राहणं तीन देशांत, वाचन आईच्या भाषेत.

आमच्याकडे हा पंथ बराच नंतर आला. कॅलिफोर्नियात सोनं शोधणाऱ्यांना भर रस्त्यात उपदेश केलेल्या विल्यम टेलर यांनी १८७१ मध्ये मुंबईत काम सुरू केलं. तिथून तो पुण्यापर्यंत आणि आमच्या घरापर्यंत पोचला.

गेल्या खेपेला मावशी आली होती. तळघरातल्या छोट्या संग्रहालयात वेस्लींनी पाठवलेलं घड्याळ आहे, ते तिने चष्मा पुसून दोनदा पाहिलं. मग वर येऊन मागच्या बाकावर बसली, पिशवीतून मराठी गायनांचं पुस्तक काढलं आणि मला म्हणाली, "बस जरा. त्या बेटीसाठी एक गायन म्हणू या."

आम्ही दोघींनी म्हटलं. शेवटच्या कडव्याला मावशीचा आवाज भरून आला, तेवढं मी एकटीने म्हटलं.